ताई ची शिकवणाऱ्याची गुरुपरंपरा कशी पडताळावी

नाशिकमध्ये सकाळी गोदापार्कात, गोल्फ क्लब मैदानावर किंवा गंगापूर रस्त्याच्या बाजूला फिरायला येणाऱ्यांना ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचे नाव आता अनोळखी राहिलेले नाही. कोणी तोल सांभाळण्यासाठी, कोणी गुडघ्यांसाठी, तर कोणी बरीच वर्षे कराटे किंवा योगासने केल्यानंतर पुढचे काही शिकावे म्हणून या विद्येकडे वळतो. शिकवणारा भेटला, की त्याच्या पत्रकावर बहुधा एक वाक्य असते: ‘यांग घराण्याची सहावी पिढी’ किंवा ‘चेन घराण्याची विसावी पिढी’. हे वाक्य वाचून भारावून जाऊ नये आणि जाहिरात समजून ते सोडूनही देऊ नये. ते तपासता येते आणि त्यासाठी चिनी भाषा येण्याची गरज नाही. एक वही, थोडी सनावळी आणि नेमके प्रश्न एवढे पुरेसे आहे.

तपासण्यापूर्वी या विद्येत परंपरेला एवढे महत्त्व का आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पुस्तकातून किंवा व्हिडिओतून हात कुठे न्यायचा आणि पाऊल कुठे टाकायचे हे कळते; पण जांघेचा सांधा खरोखर सैल सुटला आहे का, श्वास वर छातीत अडकला आहे का, समोरच्याने मनगटावर जोर दिला की तो जोर टाचेपर्यंत उतरतो की कमरेतच अडतो, हे डोळ्यांना दिसत नाही. ते शिक्षकाच्या हाताला कळते. तो कमरेवर तळवा ठेवतो, दोन बोटांनी खांदा खाली दाबतो, ‘पुश हँड्स’च्या जोडसरावात तुमचा तोल कुठे तुटतो ते दाखवून देतो आणि असे वर्षानुवर्षे चालते. म्हणून ताई चीतली गुरुपरंपरा म्हणजे कोणी कोणाचे शरीर, किती काळ, हात लावून सुधारले याची नोंद आहे, असे मी मानतो. आडनाव, पिढीचा आकडा, भिंतीवरचे प्रमाणपत्र या सर्व गोष्टींची किंमत त्या नोंदीवरूनच ठरवावी.

वहीच्या पानावर दोन रेघा

वहीचे एक पान घ्यावे आणि त्यावर दोन उभ्या रेघा ओढाव्यात. डावीकडे रक्ताचे नाते लिहावे, उजवीकडे शिकवणीचे. बहुतेक छापील तक्त्यांमध्ये ही दोन्ही नाती एकाच बाणाने दाखवलेली असतात आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

यांग घराण्यापासून सुरुवात केली तर हे चटकन स्पष्ट होते. या घराण्याचे मूळ पुरुष यांग लूचान (१७९९–१८७२) हे हपै प्रांतातल्या योंगन्यानचे. ते विद्या शिकले हनान प्रांतातल्या चेनज्यागोउ या गावात, चेन चांगशिंग (१७७१–१८५३) यांच्याकडे. म्हणजे यांग घराण्याची उजवी रेघ पहिल्याच नावाला घराबाहेर जाते. लूचान यांचे मुलगे बानहौ (१८३७–१८९२) आणि ज्यानहौ (१८३९–१९१७). ज्यानहौ यांचे मुलगे शाओहौ (१८६२–१९३०) आणि चेंगफू (१८८३–१९३६). या दोन भावांत एकवीस वर्षांचे अंतर होते आणि शाओहौ मुख्यतः काका बानहौ यांच्याकडे शिकले. त्यांचा ढंग आखूड, चपळ आणि कडक होता. धाकट्या चेंगफूंनी मोठ्या, मोकळ्या, एकसारख्या गतीच्या हालचालींचा जो फॉर्म, म्हणजे ठरावीक क्रमाने करायची मालिका, घडवला, तोच आज जगभर यांग शैली म्हणून ओळखला जातो. एका बापाचे दोन मुलगे आणि दोन ढंग. डावी रेघ पाहून हा फरक कधीच कळला नसता.

चेन घराण्यात हे आणखी ठळकपणे दिसते. चेन फाके (१८८७–१९५७) १९२८ साली गाव सोडून पेइचिंगला (बीजिंगला) गेले आणि अखेरपर्यंत तिथेच शिकवत राहिले. त्यांचे नातू चेन श्याओवांग यांचा जन्म १९४५ चा. आजोबा वारले तेव्हा ते बारा वर्षांच्या आसपास होते आणि वाढले गावात. त्यांना प्रामुख्याने घडवले ते चेन चाओपी (१८९३–१९७२) या भाऊबंदातल्या ज्येष्ठांनी, जे १९५८ साली गावी परतून पुन्हा शिकवू लागले होते. त्यानंतर फाके यांचे धाकटे चिरंजीव, म्हणजे श्याओवांग यांचे काका, चेन चाओखुई (१९२८–१९८१) यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ‘आजोबांकडून नातवाकडे’ हे ऐकायला छान वाटते, पण उजव्या रेघेवर मधली दोन नावे आल्याशिवाय ती नोंद खरी होत नाही.

नाशिककराला हे नवे वाटू नये. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीतला आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ चा. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. पुढची तालीम त्याला वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी दिली. चेंगफू यांचे चिरंजीव यांग चनदुओ (१९२६–२०२०) हेही वडील वारले तेव्हा दहाच वर्षांचे होते आणि त्यांना पुढे थोरल्या भावांचा आधार मिळाला. अशा नोंदीने घराण्याला कमीपणा येत नाही. मुलाच्या हाती विद्या परत आणून देण्याइतके पक्के शिष्य वडिलांनी तयार केले होते, हे घराण्याचे बळच म्हटले पाहिजे.

आणखी एक सूचना, जिच्याबद्दल मी आग्रही आहे. तक्ता करताना स्त्रियांची नावे गाळू नयेत. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत लेकीसुना बहुधा नसतात आणि तीच सवय इथेही डोके वर काढते. सुन लूथांग (१८६०–१९३३) यांची शैली पुढे नेणाऱ्यांत त्यांची कन्या सुन ज्यानयुन (१९१४–२००३) यांचे स्थान फार मोठे आहे. वू ज्यानछुआन (१८७०–१९४२) यांची विद्या शांघायमध्ये त्यांची मुलगी वू यिंगह्वा आणि जावई मा युएल्यांग यांनी अनेक दशके शिकवली. फक्त मुलग्यांची रेघ ओढणाऱ्याच्या तक्त्यातून ही दोन्ही नावे निसटतात.

विचारावे कसे

शिक्षकाला हे प्रश्न वर्गात सर्वांसमोर विचारू नयेत. तास संपल्यावर, पाणी पिताना, शांतपणे विचारावे: “सर, आपण हे कोणाकडे शिकलात? त्यांच्याकडे किती वर्षे होता? तेव्हा ते कुठे राहत होते आणि आपण त्यांना कसे भेटत होता?” शिक्षिका असतील तर मॅडम म्हणून हेच विचारावे. प्रश्न शिकण्याबद्दल आहे, परीक्षा घेण्याबद्दल नाही, हे आपल्या आवाजातून कळले पाहिजे. मनापासून शिकलेल्या माणसाला गुरूबद्दल बोलायला आवडते. गुरू कुठे चिडायचे, कोणती हालचाल महिनोन्‌महिने करून घ्यायचे, हे तो आपणहून सांगू लागतो आणि त्या आठवणींतून प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी अधिक कळते.

उत्तर मिळाले, की ते लगेच वहीत टिपावे. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना चांगल्या नोंदीत काय असावे हे सांगावे लागत नाही: कोण आले, कोणत्या गावचे, कोणाचे कोण, कधी आले आणि शक्यतो त्यांच्याच हातची अक्षरे. आपली नोंदही तशीच असावी. उदाहरणार्थ: ‘सरांचे गुरू अमुक. शहर अमुक. सन अमुक ते अमुक, आठवड्यातून तीन दिवस. शिकवले: लांब फॉर्म, तलवार, पुश हँड्स. माहिती सांगणारे: सर स्वतः.’ शेवटची ओळ विसरू नये, कारण स्वतः सांगितलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि पत्रकात छापलेले या तिन्हींचे वजन सारखे नसते.

‘किती वर्षे’ या प्रश्नावर थोडे थांबावे लागते. परदेशातून एखादे मोठे नाव भारतात येते, चार-पाच दिवसांचे शिबिर होते, शेकडो लोक ते करतात. असे दहा वर्षे दरवर्षी केले तरी प्रत्यक्ष सहवास पन्नास दिवसांपेक्षा फारसा जास्त होत नाही आणि त्यातही शिक्षकाचा हात आपल्या वाट्याला किती वेळा आला, हे निराळेच. शिबिरे वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. नोंद मात्र शिबिराची म्हणूनच व्हावी आणि रोजचे शिक्षण ज्या कमी प्रसिद्ध शिक्षकाकडे झाले, त्याचे नाव मधल्या ओळीत ठसठशीत लिहावे. मोठ्या नावाशी थेट जोडले जाण्याच्या मोहात नेमके तेच नाव गाळले जाते.

सनावळीची चाळणी

नावे मिळाली, की जन्म-मृत्यूची साले समोर ठेवावीत. यांग चेंगफू १९३६ साली शांघायमध्ये वारले. त्यांच्याकडे जाणतेपणी, निदान पाच-सात वर्षे शिकलेला माणूस १९१५ च्या फार नंतर जन्मलेला असू शकत नाही. १९३० साली जन्मलेल्या कोणाला ‘चेंगफूंचा थेट शिष्य’ म्हटले असेल, तर तिथे काट मारावी. आज नाशिकमध्ये शिकवणारा पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा शिक्षक आणि चेंगफू यांच्यामध्ये साधारणपणे दोन ते तीन नावे यायलाच हवीत. एकच आले, तर ती व्यक्ती दीर्घायुषी होती का, हे विचारावे.

साल आणि गाव एकत्र पाहिले, की आणखी बरेच उमगते. फाके १९२८ नंतर पेइचिंगमध्ये होते, तेव्हा १९४० च्या दशकात कोणी त्यांच्याकडे चेनज्यागोउत राहून शिकल्याचे सांगत असेल तर काहीतरी चुकले आहे. चेंगफू यांचे थोरले चिरंजीव १९४९ साली हाँगकाँगला गेले आणि १९८५ साली तिथेच वारले. चेंगफूंकडे शिकलेले चंग मानछिंग (१९०२–१९७५) १९४९ साली तैवानला आणि १९६४ साली न्यूयॉर्कला गेले. अमेरिकेतून आलेल्या ३७ आकृत्यांच्या (ठरलेल्या हालचालींच्या) आखूड फॉर्मचा माग त्यांच्यापर्यंत पोहोचतो, चेंगफूंच्या मुलांपर्यंत नाही.

आकडे आणि नावांचे चकवे

पिढीचा आकडा ऐकला, की ‘कुठून मोजलेली?’ असे विचारावे. चेन श्याओवांग यांना एकोणिसाव्या पिढीचे म्हणतात. ती मोजणी चौदाव्या शतकात गाव वसवणारे कुळाचे मूळ पुरुष चेन बू यांच्यापासूनची आहे आणि त्या काळी ताई ची नव्हतेच. ज्यांना या विद्येचे प्रवर्तक मानले जाते, ते सतराव्या शतकातले चेन वांगतिंग कुळाच्या नवव्या पिढीचे. त्यांच्यापासून मोजले तर तीच व्यक्ती अकराव्या पिढीची ठरते. यांग घराण्यात १९६८ साली जन्मलेले यांग जुन हे लूचानपासून रक्ताने सहाव्या पिढीचे, पण परंपरेचे धारक म्हणून पाचवे. ते चनदुओ यांचे नातू आणि आजोबांकडेच शिकलेले, म्हणून मधली एक पिढी त्या मोजणीत येत नाही. हे सगळे आकडे खरे आहेत, पण एका शिक्षकाचा मोठा आकडा दुसऱ्याच्या लहान आकड्याशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

नावांच्या बाबतीत दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. चेंगफू यांच्या थोरल्या मुलाचे नाव कुठे यांग चनमिंग, तर कुठे यांग शौचुंग असे आढळते, माणूस एकच. याउलट ‘वू शैली’ या एकाच नावाखाली दोन वेगळी घराणी आहेत, ज्यांची आडनावे चिनी लिपीत वेगळी आणि आपल्या लिपीत सारखीच दिसतात. पहिले वू युशियांग (१८१२–१८८०) यांचे, जे भाचा ली यीयू याच्याकडून हाओ वैचन या घराबाहेरच्या शिष्याकडे आणि त्याच्याकडून सुन लूथांग यांच्याकडे गेले. दुसरे लूचान व बानहौ यांचे शिष्य वू छुआनयौ (१८३४–१९०२) आणि त्यांचे चिरंजीव ज्यानछुआन यांचे. शिक्षक ‘वू’ म्हणाला, की कोणाचे वू, हे विचारल्याशिवाय वहीत नाव लिहू नये.

पहिल्या दोन मिनिटांत काय पाहावे

कागद एक सांगतो आणि अंग दुसरेच, असे होऊ शकते. म्हणून शिक्षकाला त्याचा मूळ फॉर्म सुरुवातीपासून करून दाखवण्याची विनंती करावी आणि पहिल्या काही हालचाली नीट पाहाव्यात. सर्व घराण्यांत सुरुवातीला हात संथपणे वर येऊन खाली जातात. खरे पाहायचे ते त्यानंतर.

पारंपरिक यांग फॉर्ममध्ये यानंतर ‘चिमणीची शेपटी पकडणे’ ही मालिका येते: हात गोल करून पुढे आणणे, मागे ओढून घेणे, दोन्ही हातांनी दाबणे आणि ढकलणे. पुढचा गुडघा पायाच्या चवड्यापुढे जात नाही, मागचे पाऊल कोनात वळलेले असते, डोके आणि कणा उभ्या रेषेत राहतात आणि गती कुठेही तुटत नाही. त्याऐवजी शिक्षक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’ ही हालचाल तीन वेळा करू लागला, तर तो चीनच्या क्रीडा खात्याने १९५६ साली तयार करवून घेतलेला २४ आकृत्यांचा फॉर्म आहे. तो यांग शैलीवरच बेतलेला आहे, नवशिक्यासाठी चांगलाही आहे, पण कोणत्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नाही. भारतात पुष्कळ ठिकाणी हाच शिकवला जातो आणि त्यावर ‘यांग घराणे’ असे लेबल लावलेले असते. वर्गात पाहून ओळखता येण्यासारखी एकच खूण लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

चेन घराण्याच्या जुन्या फॉर्ममध्ये सुरुवातीलाच मूठ दुसऱ्या तळव्यात पडते आणि पाऊल जमिनीवर आपटते. पुढे संथ, पिळदार हालचालींमधून अचानक झटक्याने जोर बाहेर येतो. वू ज्यानछुआन यांच्या शैलीत पावले बहुतेक समांतर असतात आणि पुढे वजन टाकताना टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ राहून सगळे शरीर कलते. सुन शैलीत एक पाऊल पुढे गेले की दुसरे लगेच त्याच्या मागे येते आणि छातीसमोर तळवे उघडण्या-मिटण्याची हालचाल वारंवार दिसते. शिक्षकाने सांगितलेले घराणे आणि ही लक्षणे जुळत नसतील, तर वहीतल्या उजव्या रेघेवर प्रश्नचिन्ह टाकावे आणि पुन्हा विचारावे. पुष्कळदा उत्तर साधे निघते: पहिल्या गुरूंकडे एक शैली शिकली, दुसऱ्यांकडे दुसरी आणि पत्रकावर दुसऱ्यांचेच नाव आले.

दंतकथांची जागा

तक्त्याच्या अगदी वर बऱ्याचदा वूतांग पर्वतावरचे ताओपंथी साधू चांग सानफेंग यांचे नाव असते; साप आणि पक्षी यांची झुंज पाहून त्यांना ही विद्या सुचली अशी कथा सांगतात. १९३० च्या दशकात थांग हाओ या अभ्यासकाने चेनज्यागोउत जाऊन वंशावळी आणि जुने कागद पाहिले आणि विद्येचा उगम वांगतिंग यांच्याकडे नेला. त्यावरही सगळ्या घराण्यांचे एकमत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर, ज्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवे रूप दिले, त्यांच्याविषयीही सप्तशृंग गडावरच्या उपासनेतून विद्या मिळाल्याची कथा आहे. गडावर जाताना ती कथा आपण आदरानेच ऐकतो. पण मल्लखांब शिकवणाऱ्याचा तक्ता लिहायचा झाला तर देवधर आणि त्यांच्या शिष्यांपासून लिहितो. इथेही तसेच करावे. दंतकथा पानाच्या माथ्यावर वेगळ्या चौकटीत लिहावी, तिच्यापासून खाली बाण काढू नये.

शिष्य कोण

आपल्याकडे गाण्यात गंडा बांधतात, तसा चिनी परंपरेतही दीक्षेचा विधी आहे. विद्यार्थी लेखी विनंती देतो, गुरूपुढे नमस्कार करतो, चहा देतो आणि गुरू त्याला आपल्या कुटुंबात घेतो. वर्गात येणारे विद्यार्थी अनेक, असे शिष्य थोडे. पत्रकावर ‘शिष्य’ असा शब्द असेल तर हा विधी झाला होता का, कधी आणि कोणाच्या साक्षीने, हे विचारायला हरकत नाही. संस्थेचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे सांगते, याहून जास्त नाही. दीक्षा न घेतलेला पण वीस वर्षे नियमित शिकलेला विद्यार्थी आणि दीक्षा घेऊन पाच वेळा भेटलेला शिष्य यांत निवड करायची वेळ आली, तर मी पहिल्याकडे शिकायला जाईन.

सगळे लिहून झाल्यावर पानावर काही जागा रिकाम्या राहतील. शिक्षकाने एखादे नाव सांगितले नसेल, किंवा त्यालाच पुढचे माहीत नसेल. त्याच्या गुरूने सांगितलेच नसेल, हेही शक्य आहे. अशी जागा अंदाजाने भरू नये. शिक्षक प्रामाणिकपणे ‘इथून वरचे मला ठाऊक नाही’ असे म्हणाला, तर त्याच्याकडे शिकण्यात मला काहीच अडचण दिसत नाही, फक्त त्याचा हात विद्यार्थ्याच्या खांद्यावर आणि कमरेवर दर तासाला पोहोचतो आहे की नाही, हे आठवडाभर वर्गाच्या कडेला उभे राहून पाहावे. तक्ता अखंड असूनही शिक्षक समोर उभा राहून केवळ आकडे मोजत असेल, तर तिथे फी भरू नये. आणि जिथे १९५६ चा २४ आकृत्यांचा फॉर्म शिकवला जातो, तिथे तो आनंदाने शिकावा, मात्र पुढे आपण कोणाला तो शिकवू लागलो तर घराण्याचे नाव न लावता, ‘२४ आकृत्यांचा फॉर्म, अमुक सरांकडून, अमुक सालापासून’ एवढेच सांगावे.